भौतिकशास्त्रातील समस्या-निराकरण कौशल्याचे मूल्यमापन

भौतिकशास्त्राच्या परीक्षेत उदाहरणे सोडविणे हा महत्त्वाचा भाग होय. मात्र उत्तर बरोबर आले म्हणजे विद्यार्थ्यास समस्या सोडविता आली, हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे.

भद्रावती तालुक्यातील माजरी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. कोळसा वाहून नेणारे ट्रक येथील विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाचे असल्यामुळे त्यांचेच उदाहरण घेऊ. सपाट रस्त्यावर ताशी ३६ किमी वेगाने जाणाऱ्या भरलेल्या ट्रकची चाके ब्रेक लावताच जखडली. घर्षण गुणांक ०.५ आणि गुरुत्वत्वरण १० मी/से² आहे. ट्रक किती अंतरावर थांबेल? त्याच वेगाचा रिकामा ट्रक किती अंतरावर थांबेल?

समजा, एका विद्यार्थ्यास थांबण्याच्या अंतराचे सूत्र पाठ आहे. तो किंमती घालून १० मीटर हे अचूक उत्तर काढतो. दुसरा विद्यार्थी बलांची आकृती काढतो, घर्षणबल व त्यामुळे होणारे मंदन मांडतो, वस्तुमान दोन्ही बाजूंनी निघून जाते म्हणून दोन्ही ट्रक सारख्याच अंतरावर थांबतील, असे लिहितो. परंतु वेगाचे एकक बदलण्यास विसरल्याने त्याचे उत्तर १२९.६ मीटर येते. केवळ उत्तर पाहणारा परीक्षक पहिल्यास पूर्ण गुण देईल. तेच उदाहरण उताराच्या रस्त्यावर दिले, की पहिला विद्यार्थी तेच सूत्र वापरील आणि चुकेल. दुसऱ्याचीही उणीव आहेच : एवढ्या कमी वेगाचा ट्रक सव्वाशे मीटर घसरत जाईल का, अशी शंका त्यास आली नाही.

ही दोन प्रकारची उणीव वेगळी दाखविणारी पद्धत अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात विकसित झाली. जेनिफर डॉक्टर, केनेथ हेलर व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ती सविस्तर प्रसिद्ध केली. तीत समस्येचे उपयुक्त वर्णन, योग्य तत्त्वाची निवड, त्या तत्त्वाचे विशिष्ट उपयोजन, गणिती कृती आणि तर्कसंगत मांडणी या पाच अंगांना ० ते ५ असे स्वतंत्र गुण दिले जातात. यांपैकी तत्त्वाच्या निवडीस अधिक महत्त्व द्यावे, असे वाटते. ची, फेल्टोविच व ग्लेझर यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले होते, की नवशिके उदाहरणांचे वर्गीकरण त्यांतील उतार, स्प्रिंग अशा बाह्य वस्तूंवरून करतात, तर तज्ज्ञ ते मूळ तत्त्वांवरून करतात.

प्रत्यक्षात ब्रेकची क्षमता मर्यादित असते आणि चाके जखडत नाहीत, तेव्हा भरलेला ट्रक अधिक दूर जातो. हा आक्षेप एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत नोंदविला, तर ठराविक आदर्श उत्तरात त्यास जागा नसते. वास्तविक तो गुणास पात्र होय.

दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यास पुढे इंग्रजी प्रश्न वाचावा लागतो. पहिल्याच अंगात गुण गेले, तर अडचण भौतिकशास्त्राची की भाषेची, हे तोच प्रश्न मराठीत देऊन पाहता येते. सर्व उत्तरपत्रिका पाच अंगांनी तपासणे वेळखाऊ आहे. म्हणून अंतर्गत चाचणीतील एकच उदाहरण निवडावे आणि दोन प्राध्यापकांनी त्याच उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासून, जेथे गुणांत तफावत येईल तेथे निकषाची शब्दरचना दुरुस्त करावी.