फोलेट मोजायचे, पण कोठे?

घरात धान्य किती शिल्लक आहे, हे ताटात पाहून कळेल की कणगीत डोकावून? ताट आजचे जेवण सांगते, कणगी पुढची बेगमी सांगते. शरीरातील फोलेट मोजताना डॉक्टरांपुढे असाच प्रश्न असतो.

फोलेट हे ब गटातील एक जीवनसत्त्व. पालेभाज्या, डाळी, शेंगदाणे यांतून ते मिळते. ते कमी पडले, की अस्थिमज्जेत तांबड्या पेशी नीट घडत नाहीत. त्या आकाराने मोठ्या, पण संख्येने थोड्या होतात आणि रक्तक्षय जडतो. गरोदर स्त्रियांच्या अशाच रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी लूसी विल्स ही ब्रिटिश संशोधिका १९२८ साली मुंबईत आली. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले.

फोलेट रक्तात दोन ठिकाणी सापडते. एक रक्तरसात, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पिवळसर पाण्यात. ते रोजच्या खाण्याप्रमाणे कमीजास्त होते. दुसरे तांबड्या पेशींत. पेशी घडत असतानाच ते आत शिरते आणि पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून तेथे मागील तीन-चार महिन्यांचा हिशेब मिळतो.

व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकन डॉक्टरांनी हे स्वतःवरच पडताळून पाहिले. अन्न पुनःपुन्हा उकळून, त्यातील फोलेट घालवून ते खात राहिले. तीन आठवड्यांतच रक्तरसातील फोलेट घटले. तांबड्या पेशींतील साठा कमी ठरायला मात्र सुमारे सतरा आठवडे लागले आणि त्यानंतर लवकरच रक्तक्षय दिसू लागला. हा प्रयोग १९६२ साली प्रसिद्ध झाला.

मग नेहमी पेशींचीच चाचणी का करू नये? कारण ती अधिक किचकट आहे. रक्तरसाची चाचणी सोपी असून बहुतेक वेळा पुरते. मात्र नुकतेच भरपेट जेवण झाले असेल किंवा नमुन्यातील पेशी फुटल्या असतील, तर तिचा आकडा फुगतो. अशी शंका आली, की पेशींकडे वळावे लागते.

पण कणगीही फसवू शकते! ब-१२ जीवनसत्त्व कमी असले, तरी पेशींतील फोलेट घटते. अशा वेळी नुसत्या फोलिक अम्लाच्या गोळ्या दिल्या, तर रक्त सुधारते. मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालूच राहते. म्हणून ब-१२ चीही तपासणी बरोबरच करतात.

तेव्हा मित्रांनो, अहवालातील आकडा पाहण्याआधी तो ताटातला की कणगीतला, हे विचारायला विसरू नका.