विद्यापीठाच्या आश्रयाने राहिलेला चित्रकार

अंबाजोगाईला जाऊन दासोपंतांची पासोडी ज्याने पाहिली, त्याला चित्र आणि विद्या यांचा संबंध निराळा समजावून सांगावा लागत नाही. पंचमहाभूतांचे परस्परांत मिश्रण होऊन ही स्थूल सृष्टी कशी साकारते, हा वेदान्तातील पंचीकरणाचा दुर्गम विषय 1551 साली जन्मलेल्या या कवीने सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर ओव्यांनी आणि आकृत्यांनी मांडला. अक्षरे आणि रेषा तेथे एकमेकांचा हात धरून चालतात. दासोपंतांना लिहावयास रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. तिच्यातील अतिशयोक्ती वजा केली, तरी शाई, कापड, बसावयास जागा आणि मध्येच कोणी न उठविता सरणारा दिवस यांच्यावाचून असले काम तडीस जात नाही, हे उरतेच.

अशीच बेगमी आजच्या चित्रकारासाठी एखादे विद्यापीठ करते, तेव्हा तिला निवासी अधिछात्रवृत्ती म्हणतात. चित्रकाराला किंवा शिल्पकाराला काही महिने, क्वचित वर्षभर, विद्यापीठाच्या आवारात राहावयास घर, कामाला प्रशस्त खोली आणि दरमहा ठराविक वेतन मिळते. त्या मोबदल्यात अध्यापनाचा भार बहुधा थोडा असतो, विद्यार्थ्यांना त्याचे काम पाहता यावे एवढीच अपेक्षा असते आणि अखेरीस प्रदर्शन होते. पूर्वीच्या राजवटींत विद्वानांना मिळणाऱ्या वर्षासनाशी हिचे साम्य आहे. परंतु वर्षासन घरपोच येई, आणि येथे माणसालाच घर सोडून यावे लागते. माझ्या मते वेतनापेक्षा या येण्याचेच मोल अधिक आहे, कारण ज्याच्या शेजारी इतिहासाचा, वनस्पतिशास्त्राचा किंवा संस्कृताचा अभ्यासक राहतो, त्या चित्रकाराच्या दृष्टीला नवे विषय आपोआप सापडतात.

मराठी माणसाच्या बाबतीत याचे उत्तम उदाहरण नारायण श्रीधर बेंद्रे यांचे आहे. 1910 साली इंदूरला जन्मलेले, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेले बेंद्रे 1945 साली निवासी कलावंत म्हणून शांतिनिकेतनात गेले, तेव्हा त्यांचे नाव झालेले होते आणि हाताला कोणी काही शिकवावे अशी त्यांची अवस्था नव्हती. तेथे नंदलाल बसू होते, मातीत आणि सिमेंटात संथाळ कुटुंब उभे करणारे रामकिंकर बैज होते, आणि अधू दृष्टीचे बिनोदबिहारी मुखर्जी होते, ज्यांनी पुढे 1946-47 मध्ये हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे विशाल चित्र काढले. हे सारे रोज कामात मग्न असलेले पाहणे, त्यांच्या संगतीत आपला कुंचला चालविणे, हा लाभ कोणत्याही रोख रकमेने मिळाला नसता. पाचच वर्षांनी, 1950 साली, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकलांची विद्याशाखा सुरू झाली आणि तिच्या चित्रकला विभागाची धुरा बेंद्रे यांच्याकडे आली. ज्योती भट्ट आणि गुलाममोहम्मद शेख यांच्यासारखे चित्रकार तेथूनच पुढे आले. विद्यापीठ हे चित्रकाराचे घर होऊ शकते, ही गोष्ट बेंद्रे यांनी बडोद्याला जाण्यापूर्वी स्वतः अनुभवलेली होती.

अमेरिकेत या प्रथेचा आरंभ मोठा बोधप्रद आहे. 1936 साली विस्कॉन्सिन विद्यापीठाने जॉन स्टुअर्ट करी या चित्रकाराला आपल्याकडे ठेवून घेतले, आणि त्याची नेमणूक झाली ती कृषिमहाविद्यालयात! गावोगाव हिंडावे, शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्या बायकांनी फावल्या वेळात काढलेली चित्रे पाहावीत, त्यांना चार शब्द सांगावेत, हे त्याचे काम होते. 1946 साली मृत्यू येईपर्यंत तो त्या पदावर राहिला.

अंबाजोगाईच्या ज्या मुलखात पाऊस बेभरवशाचा आहे आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गावेच्या गावे रिकामी होतात, त्या बीड जिल्ह्याला ही कृषिमहाविद्यालयाची कल्पना विशेष जवळची वाटावी. येथल्या शाळांतून मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात, सुरेख स्थिरचित्रे काढतात. त्यांतील ज्याचा हात खरोखर चांगला असतो, तो छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई गाठतो, आणि शिक्षण पुरे होताच कलाशिक्षकाची जागा किंवा जाहिरातीचे काम शोधू लागतो. चित्र काढण्याची उमेद अंगी असते तीच वर्षे पोटाच्या विवंचनेत जातात, याचे मला मनापासून दुःख होते.

1958 साली स्थापन झालेल्या आणि आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा विद्यापीठाने दरसाल एका चित्रकाराला अंबाजोगाईत वर्षभर राहण्याची सनद द्यावी. घर साधे चालेल, खोलीला मात्र उत्तरेचा उजेड हवा. नेमणूक दसऱ्याच्या आधी व्हावी, म्हणजे कोयते आणि संसार घेऊन कारखान्यांकडे निघालेली माणसे आणि मागे राहिलेले म्हातारे, दोन्ही त्याला पाहता येतील. आणि वर्षअखेरचे प्रदर्शन मुंबईच्या दालनात नेण्यापूर्वी केज, धारूर, गेवराई आणि आष्टी येथील शाळांत भरावे.