पोटातल्या बाळापर्यंत पोहोचणारा धूर

सातपुड्यात थंडी उतरली की धडगाव, मोलगी, तोरणमाळच्या परिसरातील पाड्यांवर संध्याकाळी कौलांच्या फटींतून धूर झिरपू लागतो. लांबून ते चित्र सुंदर दिसते. आत भाकऱ्या थापणारी बाई पदराने डोळे पुसत असते. घराला खिडकी नसते, असली तर लहानशी. थंडी-पावसाचा बंदोबस्त म्हणून ती तशीच ठेवलेली असते. चुलीच्या उबेला सगळे घर गोळा होते. घरधनी तिथेच निखाऱ्यावर विडी पेटवतो. एखाद्या घरात म्हातारी तव्यावर तंबाखू भाजून मशेरीची तजवीज करते. आणि सर्वांत उबदार जागा, चुलीच्या अगदी जवळची, मायेने दिली जाते ती गरोदर सुनेला किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या लेकीला.

या सुनेला दवाखान्यात कोणी विचारले, ‘तुम्ही धूम्रपान करता का?’ तर ती ‘नाही’ म्हणेल. ती खोटे बोलत नसेल. कागदावर खूण होईल आणि पुढचा प्रश्न सुरू होईल. तिच्या पोटातल्या बाळाच्या दृष्टीने मात्र हे उत्तर अर्धवट आहे.

गरोदरपणातील धूम्रपानावरचे बहुतेक संशोधन युरोप-अमेरिकेत, सिगारेट ओढणाऱ्या मातांवर झाले. आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील अवघ्या २ टक्के स्त्रिया धूम्रपान करताना आढळल्या. तंबाखू चघळणाऱ्या, दातांना लावणाऱ्या, हुंगणाऱ्या स्त्रिया मात्र जवळपास १३ टक्के होत्या. महाराष्ट्रात तर स्त्री-पुरुष मिळून धूम्रपान करणारे ४ टक्क्यांहून कमी आणि धुराशिवाय तंबाखू घेणारे २४ टक्क्यांहून अधिक. त्याच सर्वेक्षणात देशातील ३८ टक्क्यांहून अधिक प्रौढांनी घरात दुसऱ्याच्या विडी-सिगारेटचा धूर सोसावा लागतो, असे सांगितले. आपल्याकडची गरोदर बाई स्वतः ओढत नाही, पण तंबाखू आणि धूर तिला दुसऱ्या वाटांनी गाठतात.

बाळाचे फुप्फुस कधी घडते, हे पाहिले की या वाटांचे गांभीर्य कळते. गर्भ साधारण चार आठवड्यांचा असताना अन्नमार्गाच्या वरच्या भागातून एक बारीक कोंब फुटतो. त्याला फांद्या फुटतात, फांद्यांना पुन्हा फांद्या. सोळा-सतराव्या आठवड्यापर्यंत श्वासनलिकांच्या झाडाच्या फांद्या जवळपास पूर्ण झालेल्या असतात. पुढे त्या लांब-रुंद होतात, पण त्यांची संख्या फारशी वाढत नाही. हवेचे बारीक फुगे, म्हणजे वायुकोश, शेवटच्या आठवड्यांत तयार होऊ लागतात आणि जन्मानंतरही काही वर्षे त्यांची भर पडत राहते. पाड्यावरची बाई पहिल्या तपासणीला येते तेव्हा कित्येकदा फांद्यांचे काम निम्म्याहून अधिक उरकलेले असते.

याच काळात आईच्या रक्तातले निकोटीन वारेतून सहज पलीकडे जाते. घडत असलेल्या फुप्फुसातील पेशींवर निकोटीन ओळखणारी केंद्रे असतात. तिथे ते चिकटले की श्वासनलिकांची वाढ बिघडते, त्यांच्या भिंतींत जास्त तंतू साठतात, हवा जाण्याची वाट अरुंद राहते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणखी एक खोडी करतो. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा तो अधिक जवळचा, आणि गर्भाचे हिमोग्लोबिन तर त्याला आईच्या रक्तापेक्षाही घट्ट धरून ठेवते. बाळाला प्राणवायू कमी पडतो, वजन कमी भरते.

हे नुकसान मोजता येते का? येते. अमेरिकेतील ईस्ट बोस्टनमध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेमतेम महिनाभराच्या बाळांची श्वसनक्षमता तपासली गेली. गरोदरपणात सिगारेट ओढलेल्या आयांच्या बाळांचा श्वास सोडण्याचा वेग इतर बाळांच्या जवळपास निम्मा निघाला. महिनाभरात घरातल्या धुराने एवढे होणे कठीण. बिघाड पोटातच झाला होता. २०१२ साली युरोपातील आठ अभ्यासांतील २१ हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. ज्यांच्या आयांनी फक्त गरोदरपणात सिगारेट ओढली आणि बाळंतपणानंतर सोडली, त्या मुलांतही चार ते सहा वर्षे वयात दम्याची शक्यता सुमारे ६५ टक्क्यांनी जास्त आढळली.

ही सिगारेटची गोष्ट झाली. मशेरी लावणाऱ्या बाईला वाटते, ‘मी कुठे ओढते?’ पण निकोटीनला वारेपर्यंत जायला धूरच लागतो असे नाही. हिरड्यांतूनही ते रक्तात उतरते. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये गाभण माकडिणींना धुराशिवाय, नुसते निकोटीन देऊन पाहिले, तरी पिल्लांच्या फुप्फुसांची घडण बदलली. आणि माणसांतला पुरावा तर आपल्या मुंबईतला आहे. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी यांनी मुंबईतील १२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. धुराशिवायची तंबाखू, प्रामुख्याने मशेरी, वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी होते आणि दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याची शक्यता सुमारे १.४ पट होती. अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणजे अपुरे फुप्फुस, हे वेगळे सांगायला नको.

दातदुखी थांबते, पोट साफ होते, गरोदरपणातली मळमळ कमी होते म्हणून बायका मशेरी धरतात. दिवसातून एकदाची सवय दिवसातून पाच वेळा कधी होते ते कळत नाही. त्यात मशेरी करताना तंबाखू काळी होईपर्यंत भाजावी लागते. तो धूर घरभर कोंडतो. म्हणजे ‘धूरविरहित’ म्हणवणारी ही तंबाखूसुद्धा घरात धूर करूनच तयार होते. जाता जाता एक सांगायला हवे. सोलापूर, सिन्नर, संगमनेरला विड्या वळणाऱ्या बायका एकही विडी ओढत नसल्या तरी तंबाखू हाताळण्याने निकोटीन त्यांच्या अंगात शिरते. विडी कामगारांच्या लघवीच्या तपासणीत त्याच्या खुणा सापडल्या आहेत.

आता चूल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील सुमारे ८० टक्के घरांत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन असल्याची नोंद आहे. राज्याची ही सरासरी सातपुड्याच्या पायथ्याशीच दमते. उज्ज्वला योजनेचे सिलिंडर अनेक घरांत पोहोचले, पण एक सिलिंडर संपल्यावर दुसरा आणायला रोख पैसे लागतात, घाटरस्ता लागतो आणि दिवसाची मजुरी बुडते. लाकूड जंगलातून मिळते. मग गॅस चहापुरता, पाहुण्यापुरता राहतो आणि भाकरी चुलीवर होते. यात बाईचे अज्ञान शोधणाऱ्यांनी एकदा तिचा महिन्याचा हिशेब मांडून पाहावा.

चुलीच्या धुराचे बाळाच्या फुप्फुसावर काय होते, याचे उत्तर आफ्रिकेतील घानामधून आले. तिथल्या किंटांपो भागातील संशोधकांनी गरोदर स्त्रियांच्या अंगावर कार्बन मोनॉक्साइड मोजणारी छोटी यंत्रे लावली आणि बाळ महिन्याचे झाल्यावर त्याचा श्वास तपासला. गरोदरपणात जास्त धूर घेतलेल्या आयांची बाळे जलद श्वास घेत होती. हा परिणाम मुलींत अधिक ठळक होता. ही २०१९ ची गोष्ट.

मग गॅस दिला की प्रश्न सुटला? इथे विज्ञानाने आपल्याला जरा जमिनीवर आणले. भारत (तमिळनाडू), ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत ३२०० गरोदर स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना गॅसची शेगडी आणि फुकट सिलिंडर मिळाले. त्यांच्या श्वासातील सूक्ष्म धूलिकण दर घनमीटरला सुमारे ७० मायक्रोग्रॅमऐवजी २४ पर्यंत खाली राहिले. तरीही २०२२ साली आलेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील बाळांच्या वजनात जेमतेम २० ग्रॅमचा फरक निघाला. पुढे वर्षभरातल्या गंभीर न्यूमोनियातही ठोस फरक दिसला नाही. अनेकांची निराशा झाली. मला त्यात एक गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. या स्त्रिया नवव्या ते विसाव्या आठवड्यात प्रयोगात आल्या. फांद्या फुटण्याचा काळ बऱ्याच जणींचा तोवर सरत आला होता. शिवाय धूर हे एकच कारण नाही. बाईचे रक्त, तिच्या ताटातले अन्न, तिचे वय, मागच्या बाळंतपणानंतरचे अंतर हे सगळे धुराच्या जोडीला उभे असते. कुपोषणाच्या बातम्यांत ज्या जिल्ह्याचे नाव दरवर्षी येते, तिथे हे विसरून चालणार नाही.

फुप्फुसाचा हिशेब आयुष्यभर चालतो. विशी-पंचविशीत फुप्फुसाची ताकद सर्वांत जास्त असते, नंतर ती प्रत्येकाचीच हळूहळू उतरते. ज्याची भरतीच कमी झाली, त्याची ओहोटी लवकर तळाला लागते. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील २०१५ च्या एका अभ्यासात दीर्घकालीन श्वसनरोग (सीओपीडी) झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची ताकद तरुणपणातच कमी होती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लक्ष वेधले होते, की जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूड-गोवऱ्यांचा धूर घेणारे सुमारे ३०० कोटी आहेत. चाळिशीतच दोन हंडे पाणी आणताना धापा टाकणारी बाई स्वतः कधी एकही विडी ओढलेली नसते. तिच्या दम्याची सुरुवात कदाचित तिच्या आईच्या चुलीपाशी झालेली असते.

करता येण्याजोग्या गोष्टी आहेत, आणि सगळ्यांना पैसे लागत नाहीत. पावसाळा सोडला तर चूल अंगणात किंवा पडवीत मांडता येते. लाकूड वाळलेले असेल तर धूर निम्मा होतो, हे प्रत्येक बाईला माहीत असते. लाकूड वाळवायला सवड नसते एवढेच. डाळ भिजवून घातली तर शिजायला वेळ कमी लागतो. मशेरी भाजायची तर घराबाहेर, आणि गरोदर बाईने ती लावायचीच नाही. विडी उंबऱ्याबाहेर ओढणे हे नवऱ्याचे काम आहे, बायकोने सांगत बसण्याचे नाही. तंबाखू सोडायची असेल त्यांना १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. ओरेगॉनच्याच डॉक्टरांनी, सिगारेट सुटत नाही अशा गरोदर स्त्रियांना रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व देऊन पाहिले. २०१४ साली आलेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या बाळांची श्वसनक्षमता सुधारली आणि पहिल्या वर्षात छातीतली घरघर कमी झाली. याचा अर्थ गोळी घेऊन मशेरी चालू ठेवावी, असा काढू नये. ताटात आवळा, पेरू, शेवग्याचा पाला आला तर बरेच.

बाळंतपणानंतरची धुरीही आता थांबायला हवी. हा दोष एकट्या पाड्यांचा नाही. पुण्या-ठाण्याच्या फ्लॅटमध्येही अंघोळ झाल्यावर बाळाला ओवा, बाळंतशेपा, धूप घातलेल्या निखाऱ्यांचा धूर हौसेने दिला जातो. ज्या फुप्फुसांत वायुकोशांची भर अजून पडते आहे, त्यांना या धुराची काही गरज नाही. बाळाला ऊब हवी असते. आईच्या उघड्या छातीशी, एका पांघरुणात ठेवलेले बाळ शेगडीशेजारच्या बाळापेक्षा अधिक उबदार राहते.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. तिथे ‘धूम्रपान करता का?’ याऐवजी चार साधे प्रश्न विचारता येतील: दात कशाने घासता? घरात विडी कोण ओढते? भाकरी कशावर होते? चूल कुठे आहे? दिवाळीनंतर जी कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीवर गुजरातकडे जातात, त्यांना हे प्रश्न निघण्याआधीच विचारावे लागतील. तिथल्या झोपड्यांत चूल आणि अंथरूण यांत चार हातांचेही अंतर नसते.

आणि बाळ आजारी पडलेच, तर आईला मोजता आले पाहिजे. बाळ शांत असताना त्याच्या पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट पाहायची. दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतले ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतले मूल ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर तो न्यूमोनिया समजून त्याच दिवशी निघायचे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले, तेव्हा त्याने होणारे बालमृत्यू लक्षणीय घटले. १९९० सालीच ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. नर्मदेकाठच्या गावांना तरंगत्या दवाखान्याची बोट आहे, डोंगरावरच्या पाड्यांना आशाताई आहेत. दोघींपर्यंत निरोप जायला वेळ लागतो, म्हणून मोजणी घरातच सुरू व्हायला हवी.