चर्चच्या बाकांवर पुरुष कमी का?

कॅथलिक चर्चमध्ये मिसेच्या वेळी वेदीपाशी उभा असतो तो पुरुष. प्रवचन करतो तोही पुरुष. बिशप, कार्डिनल, पोप हे सारे पुरुषच. समोरच्या बाकांवर मात्र जगातील बहुतेक ख्रिस्ती देशांत स्त्रियांची संख्या अधिक दिसते. प्रॉटेस्टंट पंथांतही चित्र फारसे वेगळे नाही. या विसंगतीने विशेषतः इंग्लंड-अमेरिकेतील धर्मगुरूंना गेली पावणेदोनशे वर्षे सतावले आहे. पुरुषांना चर्चकडे परत वळवण्यासाठी त्यांनी योजलेल्या उपायांपैकी काही हास्यास्पद ठरले, एकातून बास्केटबॉल जन्माला आला आणि एका मोहिमेने तर स्त्रियांनी चर्चचा कारभार पुष्कळ पाहिला, आता पुरे, अशी भाषा केली. हजेरीपटाचा वाटणारा हा प्रश्न चर्चमधील मान आणि अधिकार यांच्यापाशी येऊन थांबतो तो असा.

अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात १९२ देशांतील माहितीचा अभ्यास होता. त्यानुसार जगातील ८३.४ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या धर्माशी स्वतःला जोडतात. पुरुषांत हे प्रमाण ७९.९ टक्के आहे. ख्रिस्ती समाजात ही तफावत नित्याची प्रार्थना आणि चर्चमधील उपस्थिती यांतही आढळते. मुस्लिम आणि सनातनी ज्यू समाजांत मात्र सामूहिक प्रार्थनेला पुरुषच अधिक जातात. शुक्रवारची सामूहिक नमाज पुरुषांवर बंधनकारक मानली जाते. ज्यूंच्या सार्वजनिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुषांची गणसंख्या लागते; दहावा माणूस आला नाही तर प्रार्थनेतील महत्त्वाचे भाग अडून राहतात. आपल्यावाचून काम अडते हे ठाऊक असलेला माणूस येतो. स्त्री जात्याच भाविक आणि पुरुष जात्याच उदासीन, हे सोपे उत्तर इथेच लंगडे पडते.

ख्रिस्ती जगातील तक्रार तशी फार जुनी आहे. बोस्टनचे प्युरिटन धर्मगुरू कॉटन मॅदर यांनी स्त्रियांच्या धर्मनिष्ठेवर १६९२ मध्ये पुस्तक लिहिले, तेव्हाच मंडळीत पुरुषांपेक्षा स्त्रिया पुष्कळ अधिक असल्याचे त्यांच्या नजरेस आले होते. लंडनच्या ‘डेली न्यूज’ या दैनिकाने १९०२-०३ मध्ये शहरभरातील चर्चमध्ये माणसे पाठवून प्रत्यक्ष डोकी मोजवली. वृत्तपत्राने असा उद्योग अंगावर घ्यावा याचे आज नवल वाटेल. पण त्या मोजणीतही प्रौढ उपासकांमध्ये स्त्रियांचे आधिक्य ठळकपणे समोर आले.

याची कारणमीमांसा करताना अभ्यासक बहुधा औद्योगिक क्रांतीपासून आरंभ करतात. शेत आणि घर एकाच अंगणात होते तोवर कुटुंबप्रमुखच घरातील प्रार्थनेचा प्रमुख असे. कारखाना आणि कचेरी आली, पुरुष दिवसभर घराबाहेर गेला. स्पर्धा, नफा, राजकारण हे त्याचे क्षेत्र ठरले आणि दया, क्षमा, भक्ती या गोष्टी घराबरोबर स्त्रीच्या वाट्याला आल्या. अमेरिकी अभ्यासक ॲन डग्लस यांनी १९७७ मधील आपल्या ग्रंथात याला आणखी एक पदर जोडला. अमेरिकेतील राज्यांनी चर्चला दिलेला करांचा आधार एकेक करून काढून घेतला. मॅसॅच्युसेट्समध्ये ही व्यवस्था १८३३ मध्ये संपली. मग धर्मगुरूला लोकांच्या स्वेच्छेवर विसंबावे लागले आणि स्वेच्छेने येणारे लोक म्हणजे मुख्यतः स्त्रिया. प्रवचनांची भाषा हळवी झाली, येशूची चित्रे सौम्य आणि कोमल झाली, असे हे विवेचन. ते आकर्षक आहे, परंतु मॅदर यांचे निरीक्षण त्याहून सुमारे १४० वर्षे जुने आहे, ही अडचण उरतेच. औद्योगिक क्रांतीने दरी रुंदावली असेल. ती पहिल्यांदा खणली असे म्हणता येत नाही.

या हळवेपणावर उतारा म्हणून व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये एक विचार पुढे आला. धर्मगुरू आणि कादंबरीकार चार्ल्स किंग्जली व ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’चे लेखक टॉमस ह्यूज हे त्याचे अध्वर्यू. ह्यूज यांची ही कादंबरी १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी किंग्जलींच्या एका कादंबरीच्या परीक्षणातून ‘मस्क्युलर ख्रिश्चॅनिटी’ हा शब्द प्रचारात आला. त्याला मराठीत बलोपासक ख्रिस्तधर्म म्हणता येईल. समर्थ रामदासांच्या मारुतींची आणि तालमींची परंपरा जाणणाऱ्या वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. शरीर हे देवाचे दान आहे, ते कमावावे आणि दुर्बळांच्या रक्षणासाठी वापरावे, असा तिचा आशय होता. किंग्जलींना हे नाव मुळीच रुचले नाही. ह्यूज यांनी पुढे १८७९ मध्ये ख्रिस्ताच्या पौरुषावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि पौरुष म्हणजे दंडातील बळ नसून सत्यासाठी सोसण्याचे धैर्य होय, असा अर्थ त्यात मांडला. या संप्रदायाच्या पुढच्या अनुयायांनी दंड लक्षात ठेवला आणि धैर्याकडे फारसे पाहिले नाही, असेच म्हणावे लागते.

बलोपासनेचा विचार संस्थेच्या रूपाने टिकला तो वायएमसीएमध्ये. कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या जॉर्ज विल्यम्स या तरुणाने सहकाऱ्यांसह ६ जून १८४४ रोजी लंडनमध्ये ही संघटना स्थापन केली. खेड्यातून शहरात आलेल्या, दुकानातच राहणाऱ्या एकाकी पोरांना दारूच्या गुत्त्याऐवजी बायबलवाचनाची आणि सोबतीची जागा मिळावी, एवढाच मूळ हेतू होता. अमेरिकेत तिला व्यायामशाळेची जोड मिळाली. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. ते मूळचे कॅनडाचे आणि धर्मशास्त्राचे पदवीधर. हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा खेळ शोधण्याचे काम त्यांच्यावर आले आणि डिसेंबर १८९१ मध्ये त्यांनी सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या टांगून, तेरा नियम लिहून बास्केटबॉल सुरू केला. प्रवचनपीठाऐवजी मैदानावरून माणसे घडवता येतील, या श्रद्धेतूनच ते या क्षेत्रात आले होते. चार वर्षांनी जवळच्याच होल्योक येथील वायएमसीएमध्ये विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल शोधला. भारतात हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय उभे केले. आज गावोगावी व्हॉलीबॉलचे जाळे बांधणाऱ्यांना या खेळाचा बायबलशी काही संबंध होता याची कल्पनाही नसते. पुरुष आले, खेळले, खेळ जगभर गेला. प्रार्थना मात्र व्यायामशाळेच्या दाराशीच राहिली.

१९११-१२ मध्ये अमेरिकेतील प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनी ‘मेन अँड रिलिजन फॉरवर्ड मूव्हमेंट’ ही मोहीम काढली. चर्चमधून तीस लाख पुरुष ‘हरवले’ आहेत असा तिचा हिशेब होता. शहराशहरांत सभा झाल्या, वृत्तपत्रांत क्रीडापानांवर जाहिराती दिल्या गेल्या आणि धर्मकार्य हा कर्त्या पुरुषाचा व्यवहार आहे असे बिंबवण्यात आले. एप्रिल १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये समारोपाची परिषद भरली. तिथे भाषण करण्यासाठी निघालेले नामांकित इंग्लिश पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड टायटॅनिकवर होते. ते पोहोचलेच नाहीत. मोहीम संपली आणि पुरुषांचा लोंढा काही आला नाही. मागे राहिली ती वृत्ती. स्त्रियांनी पै-पै जमवून उभी केलेली स्वतंत्र मिशन मंडळे पुढील काळात पुरुषप्रधान मंडळांत विलीन करण्यात आली. प्रेस्बिटेरियन चर्चच्या १९२३ मधील पुनर्रचनेत हेच घडले. याच सुमारास पूर्वी बेसबॉलपटू असलेले धर्मप्रचारक बिली संडे व्यासपीठावर खुर्च्या फोडत ‘फक्त पुरुषांसाठी’ सभा गाजवत होते.

अगदी अलीकडचे उदाहरण ‘प्रॉमिस कीपर्स’चे. कोलोराडो विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक बिल मॅकार्टनी यांनी १९९० मध्ये ती सुरू केली. मैदाने भरून पुरुष येत, एकमेकांच्या गळ्यात पडून रडत, पत्नी आणि मुलांशी प्रामाणिक राहण्याची वचने देत. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी वॉशिंग्टनमध्ये लाखोंचा मेळावा झाला. कुटुंबाचे नेतृत्व पुरुषाने परत हाती घ्यावे, या तिच्या शिकवणीवर स्त्रीसंघटनांनी कडाडून टीका केली. पुढच्याच वर्षी प्रवेशशुल्क बंद होताच पैसा आटला, कर्मचाऱ्यांना रजा द्यावी लागली आणि चळवळ ओसरली.

याउलट कनेक्टिकटमधील न्यू हेवनच्या फादर मायकल मॅकगिव्हनी यांनी १८८२ मध्ये स्थापन केलेली ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ आजही उभी आहे. स्थलांतरित कॅथलिक कामगार अपघातात मेला तर त्याच्या विधवेचे आणि मुलांचे काय, या प्रश्नातून ती निघाली. सदस्यांनी वर्गणी भरायची, कुटुंबाला विम्याची रक्कम मिळायची. पौरुषाचे गोडवे इथे कमी आणि जबाबदारी स्पष्ट होती. मॅकगिव्हनी यांना चर्चने २०२० मध्ये ‘धन्य’ घोषित केले.

गोमंतकातील वाचकाला हा भेद पुस्तकातून समजावून घ्यावा लागत नाही. पांढऱ्या झग्यावर लाल किंवा निळ्या रंगाची आखूड खांदवस्त्रे घालून मिरवणुकीत चालणारे कोंफ्रारीचे सदस्य, क्रूसापुढे व्हायोलिनच्या साथीने लदीन म्हणणारे पुरुषांचे आवाज, फेस्ताचा खर्च आणि व्यवस्था अंगावर घेणारे यजमान, ही सारी येथील धर्मजीवनाची अंगे आहेत. भजनी मंडळातील टाळकऱ्याला जसे दिंडीत स्वतःचे ठिकाण असते, तसे ते आहे. मुंबईच्या धोबीतलाव आणि माझगाव भागांतील कूड हे तर याचे विलक्षण उदाहरण. जहाजावरच्या नोकरीची वाट पाहणाऱ्या गोमंतकीय तरवट्यांनी गावागावांच्या नावाने या खोल्या चालवल्या. तेथे भिंतीशी गावच्या संताची वेदी असे आणि ठरलेल्या वेळी तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणायला सर्वांनी हजर राहावे असा दंडक असे. बायका-मुले दूर गावी. पाद्री समोर नाही. तरीही ट्रंकांच्या रांगांमध्ये गुडघे टेकून पुरुषच रोज प्रार्थना चालवीत. घरी असते तर हे काम बहुधा आईने किंवा आजीने केले असते.

मात्र या व्यवस्थेचीही किंमत होती. अनेक कोंफ्रारींचे सदस्यत्व जात आणि गावकरी वंश यांच्याशी बांधलेले होते. कोणाचा झगा लाल आणि कोण पुढे चालणार यावरून गावे दुभंगली. मान पुरुषांकडे राहिला आणि वेदीवरची फुले, मुलांचे धर्मशिक्षण, घरातील रोजची प्रार्थना या निरंतर श्रमांना मिरवणुकीत जागा मिळाली नाही.

हा मुद्दा आज पुन्हा पेटला आहे. वेदीसेवेत मुलींना घेण्यास रोमने १९९४ मध्ये मुभा दिली आणि पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये वाचक व वेदीसेवक ही पदे स्त्रियांना रीतसर खुली केली. अमेरिकेतील कार्डिनल रेमंड बर्क यांनी २०१५ मध्ये एका मुलाखतीत चर्च अतिशय ‘स्त्रीप्रधान’ झाल्याने पुरुष दुरावले आणि वेदीवर मुली आल्याने मुलगे मागे हटले, असे मत मांडले होते. पण मॅदर यांच्या काळात प्रवचनपीठावर एकही स्त्री नव्हती. तरीही बाकांवर पुरुष कमीच होते. मुलींना खाली उतरवल्याने मुलगे वर चढतील याचा पुरावा इतिहासात सापडत नाही.

ब्रिटिश इतिहासकार कॅलम ब्राउन यांनी २००१ मधील ग्रंथात मांडलेला निष्कर्ष इथे विचारात घ्यावा असा आहे. ब्रिटनमधील चर्च पुरुषांच्या अनुपस्थितीतही शतकभर तगून राहिले, कारण ते स्त्रियांनी धरून ठेवले होते. १९६० च्या दशकात स्त्रियांनीच पाठ फिरवली आणि त्यांच्यामागे मुलेही गेली. खरी पडझड तेव्हा झाली, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेतील तरुण पिढीत अलीकडे स्त्री-पुरुषांमधील ही जुनी तफावत कमी होताना दिसते आहे. पुरुष काही प्रमाणात टिकून आहेत आणि तरुण स्त्रिया अधिक वेगाने बाहेर पडत आहेत. धर्मगुरूंच्या परिषदांतून चर्चेचा विषय मात्र अजूनही हरवलेले पुरुष हाच आहे.