दुर्बीण एक, भाव अनेक

थंडी सुरू झाली की खटाव तालुक्यातील मायणीच्या तलावावर पाहुणे पक्षी उतरू लागतात. ते जवळून पाहावेत म्हणून आष्ट्यातील एखाद्या व्यापारी घरातला महाविद्यालयात जाणारा मुलगा वडीलधाऱ्यांकडे दुर्बीण मागतो. सांगलीच्या दुकानात एक भाव कळतो, अमेरिकेत राहणारा चुलता फोनवर दुसराच सांगतो आणि जपानला जाऊन आलेला मित्र तिसरा. कंपनी तीच, नमुना तोच, डब्यावरचे चित्रही तेच. मग गादीवर बसलेले आण्णा साहजिकच विचारतात, "मधले पैसे खाल्ले कुणी?"

प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या हळद आणि बेदाणा विकला, त्या घराला त्याचे उत्तर नवे वाटू नये. सांगलीच्या बाजारातील हळद मुंबईच्या किरकोळ दुकानात पोहोचेपर्यंत तिच्यावर हमाली, तोलाई, अडत, बाजार फी, गाडीभाडे, घट आणि अडकलेल्या पैशाचे व्याज असा एकेक खर्च चढत जातो. त्यात चोरी कुणाचीच नसते. दुर्बिणीचा प्रवास अधिक लांबचा आणि वाटेत राज्याची वेस अधिक कडक, एवढाच फरक.

हिशेब कागदावर मांडला की गोष्ट स्पष्ट होते. समजा, जहाजभाडे व विमा धरून एक दुर्बीण मुंबई बंदरात दहा हजार रुपयांना पडली. आपल्याकडे सीमाशुल्क नुसत्या मालाच्या किमतीवर नव्हे, तर भाडे व विमा मिळवून होणाऱ्या मूल्यावर आकारले जाते. शुल्काचा दर उदाहरणापुरता दहा टक्के धरला तर एक हजार रुपये झाले. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी शंभर. आयातदाराचा पडता भाव झाला ११,१००. यावर अठरा टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर, म्हणजे १,९९८ रुपये, त्याला बंदरातच भरावे लागतात. या कराची वजावट त्याला पुढे मिळते. पण माल विकेपर्यंत तेवढे भांडवल अडकून राहते. आयातदार आणि दुकानदार या दोघांनी प्रत्येकी पंधरा टक्के नफा चढवला, तर किंमत सुमारे १४,६८० होते आणि शेवटचा कर मिळवून गिऱ्हाइकाच्या हाती सुमारे १७,३०० रुपयांचे बिल पडते. दहा हजारांचे सतरा हजार झाले, तरी कुणी अवाजवी नफा घेतलेला नाही.

सरकारने दर बदलला की कारखान्यात काहीही न बदलता भाव हलतो. १० नोव्हेंबर २०१७ रोजी गुवाहाटी येथे झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीत दुर्बिणीवरील कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. भिंगे तीच राहिली, बिलातली एक ओळ तेवढी बदलली.

अन्य देशांतही अशाच ओळी असतात. जर्मनीत दुकानातील किमतीत एकोणीस टक्के मूल्यवर्धित कर अंतर्भूत असतो. जपानमध्ये ऑक्टोबर २०१९ पासून उपभोग कर दहा टक्के आहे. हाँगकाँगमध्ये असा विक्रीकरच नाही. अमेरिकेत फलकावरील किमतीत बहुधा कर धरलेला नसतो. तो राज्याप्रमाणे वेगळा असून बिल करताना मिळवला जातो. आपल्याकडील कमाल किरकोळ किंमत मात्र सर्व करांसह असते. म्हणून चुलत्याने सांगितलेला भाव आणि सांगलीचा भाव यांची तुलना करणे म्हणजे कच्च्या हळदीचा भाव पॉलिश केलेल्या हळदीशी ताडून पाहणे होय.

कराखेरीज उलाढालही भाव ठरवते. जिथे पक्षीनिरीक्षक पुष्कळ, तिथे दुकानदार थोड्या नफ्यावर भराभर माल फिरवतो. आपल्या भागात महागडी दुर्बीण कपाटात वर्ष-वर्ष पडून राहते आणि तिचे व्याज किमतीवर चढते. रुपया घसरला तर नवा माल महाग येतो. जुन्या विनिमय दराने आलेला साठा शेजारच्या दुकानात स्वस्त मिळू शकतो. शिवाय अनेक कंपन्या देशागणिक वेगळा वितरक नेमतात आणि हमीही त्या-त्या देशापुरती देतात. परदेशातून आणलेली दुर्बीण बिघडली की या फरकाची किंमत कळते.

मुळात वस्तू तीच आहे का, हेही पाहावे. ८ × ४२ या आकड्यांचा अर्थ आठपट मोठी प्रतिमा आणि बेचाळीस मिलिमीटर व्यासाचे पुढचे भिंग. पण हेच आकडे पाच हजारांच्या आणि दोन लाखांच्या दुर्बिणीवरही असतात. इटलीच्या इग्नात्सिओ पोरो यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेली लोलकांची रचना तुलनेने सोपी आहे. सरळ नळ्यांच्या आटोपशीर दुर्बिणीतील लोलक मात्र फार अचूक घासावे लागतात आणि त्यांवर विशेष लेप द्यावे लागतात. किमतीचा मोठा भाग तिथे जातो.

भावातील या दरीमुळे दोन आडवाटा तयार होतात. एक, बिलावर किंमत कमी दाखवून माल सोडवणे किंवा मर्यादेपेक्षा अधिक किमतीची वस्तू सामानात दडवून आणणे. दुसरी, नामांकित छाप मारलेला नकली माल खपवणे. आयातीच्या धंद्यात शिरू पाहणाऱ्या तरुणाला पहिल्याच खेपेस कुणीतरी ही वाट दाखवतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत विरुद्धराज्यातिक्रम आणि प्रतिरूपकव्यवहार हे दोन या वाटांना नेमके लागू पडतात. व्यवहाराच्या बाजूनेही पाहावे : सीमाशुल्क खात्याने माल अडवला तर शुल्कासह दंड भरावा लागतो, प्रसंगी माल जप्त होतो, आणि पेढीचे नाव एकदा गेले की कोणत्याही वजावटीने परत मिळत नाही.

गिऱ्हाइकाने एवढेच करावे. डब्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, उत्पादनाचा देश आणि कमाल किरकोळ किंमत छापली आहे का, हे पाहावे. पक्के बिल व भारतातील हमी मागावी. नातलगाने वस्तू आणलीच, तर करमुक्त मर्यादा आधी विचारून घ्यावी आणि तिच्यावर किंमत गेल्यास विमानतळावरच शुल्क भरावे. मग दोन्ही भाव शेजारी लिहून प्रत्येकाखाली कर, भाडे आणि हमी मांडावी. एवढे केल्यावर आण्णांना कळेल की मधले पैसे कुठे-कुठे गेले. आणि त्यानंतरही शिल्लक उरलेल्या फरकाबद्दल दुकानदाराशी घासाघीस करण्याचा त्यांचा हक्क अबाधित राहील.