पाहुण्यांची एक संध्याकाळ

मार्च जवळ आला की महाविद्यालयांत परिषदांचा हंगाम सुरू होतो. अनुदान मार्चअखेर खर्ची पडायला हवं ना! अलीकडे हा हंगाम आणि रमजान एकत्रच येतात. दोन दिवसांच्या परिषदेत बाहेरगावच्या पाहुण्यांना मोकळी मिळते ती एक संध्याकाळ. आमची ठरलेली पद्धत अशी, की त्यांच्या हाती प्रेक्षणीय स्थळांची यादी द्यायची, गाडी बोलवायची आणि मी रोजा सोडायला घर गाठायचं.

गेल्या वर्षी विदर्भातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ती यादी वाचून विचारलं, "मॅडम, रमजान चालू आहे. जुन्या शहरात आम्ही गेलो तर चालेल ना?"

त्या 'चालेल ना'मध्ये अदब होती, तशी थोडी धास्तीही. मला माझीच लाज वाटली. ज्या गल्ल्यांत मी वाढले, तिथे पाहुण्यांना मी कधी स्वतः घेऊन गेलेच नव्हते. घरी फोन केला, "आज इफ्तार बाहेर," आणि चौघांना घेऊन निघाले. ज्यांच्याकडे यंदा पाहुणे येणार आहेत, त्यांना उपयोगी पडेल म्हणून तो फेरफटका इथे सांगते.

चार वाजता बीबी का मकबरा. "ही ताजमहालाची नक्कल ना?" हा प्रश्न येतोच. सतराव्या शतकातली ही कबर औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची. पाहुण्यांना आधी मुख्य दरवाजाशी थांबवा. तिथल्या लेखात दोन नावं आहेत : स्थपती अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. अताउल्ला हे ताजमहालाचे शिल्पकार उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र. म्हणजे हे साम्य घराण्यातलंच! आणि शेजारचं दुसरं नाव वाचून पाहुणे आपसूक गप्प होतात.

तिथून जवळच पाणचक्की. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांचा हा दर्गा. दूरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून इथवर आणलं, उंचावरून सोडलं आणि त्याच्या जोरावर जातं फिरवलं. त्या पिठाची भाकरी फकिरांना आणि वाटसरूंना मिळे. कोण कुठला, हे न विचारता. दिवसभर उपाशी राहून हौदाकाठी बसलं, की ही गोष्ट नव्याने कळते.

सहाच्या सुमारास शहागंज. खजूर, कापलेली फळं, भजी, सरबतं, तंदुरातून निघणारे नान. अजानच्या आधी दहा मिनिटं सगळा बाजार घाईत असतो आणि अजान होताच एकदम शांत होतो. पाहुण्यांना एवढंच सांगा : रोजेदारासमोर पाणी प्यायलात तर कोणी वाईट मानत नाही, फोटो मात्र विचारून काढा. आणि परतीची रिक्षा इफ्तारनंतर अर्ध्या तासाने शोधा, कारण रिक्षावालाही तेव्हा रोजाच सोडत असतो. त्यानंतर आपल्या शहराचा नान-खलिया. शाकाहारी मंडळींसाठी फळं, भजी आणि दहीवडे असतातच. खरेदी करायची असेल तर हिमरू शाल पाहायला विसरू नका. सुताच्या ताण्यावर रेशमाची ती वीण या शहराची ओळख आहे.

सकाळ मोकळी असेल तर वेरूळ. तीसेक किलोमीटरवर १२ बौद्ध, १७ हिंदू आणि ५ जैन लेणी एकाच डोंगरात शेजारी-शेजारी आहेत. लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठ्याला पूर्ण दिवस लागतो आणि तिथली सुट्टी सोमवारची. सत्र बुडवून जाणाऱ्यांना हे आधीच सांगितलेलं बरं!

त्या संध्याकाळी शहागंजात एका फळवाल्याने आम्हाला बाकडं पुढे करून बसवलं आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक खजूर ठेवला. आमच्यातली रोजेदार मी एकटीच. "तुम्ही खा ना सर," मी म्हटलं. प्राध्यापकांनी मान हलवली. अजान होईपर्यंत तो खजूर त्यांनी हातात तसाच धरून ठेवला. मग माझ्याबरोबरच तोंडात टाकला. फळवाल्याने पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी समारोपात त्यांनी निबंधांबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि त्या बाकड्याबद्दल दहा.

छत्रपती संभाजीनगरात यंदा परिषद भरवणाऱ्या सहकाऱ्यांना माझी एकच विनंती. यादी द्या, गाडी द्या, पण सोबत एक माणूसही द्या. इफ्तारची वेळ झाली म्हणून तो माणूस घरी पळायला नको. पाहुण्यांनाच सोबत बसवता येतं, हे मला समजायला इतकी वर्षं लागली.