अपील: मैदानावरची फिर्याद

चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात विसावताच मैदानावर जो एकमुखी पुकारा उठतो, त्याला विजयाचा जल्लोष समजणारे प्रेक्षक पुष्कळ असतात. वस्तुतः ती पंचांच्या दरबारी गुदरलेली फिर्याद असते. न्यायालयात अपील म्हणजे झालेल्या निवाड्याविरुद्ध वरिष्ठांकडे मागितलेली दाद. क्रिकेटमध्ये मात्र पहिल्याच निवाड्याच्या मागणीला अपील म्हणतात, आणि नियमावलीच्या ३१ व्या नियमान्वये, फलंदाज बाद आहे हे पंचांना स्वतःला स्वच्छ दिसत असले, तरी क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने विचारल्यावाचून त्याला बाद ठरवण्याचा अख्त्यार त्यांना नाही. फलंदाज आपण होऊन तंबूत परतला तर गोष्ट निराळी. ‘हाउज दॅट’ एवढा प्रश्न पुरतो. झेलबाद की पायचीत, हे सांगावे लागत नाही. मुदत मात्र कडक आहे: गोलंदाज पुढच्या चेंडूसाठी धावू लागला की हक्क संपला.

विचारण्याचा हक्क ज्याच्या हाती, त्याच्याच हाती न विचारण्याचा विवेकही असला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. फलंदाज बाद नाही हे ठाऊक असूनही अपील करणे हे खेळाच्या वृत्तीस बाधक होय, असे २००० सालच्या नियमावलीच्या प्रस्तावनेत स्पष्ट नमूद होते. तथापि पंचांवर दडपण आणण्याच्या हेतूने केलेला निरर्थक आरडाओरडा आज शाळकरी सामन्यांतही ऐकू येतो, याचा खेद होतो.

पुढचा चेंडू खेळात येण्यापूर्वी कर्णधाराला पंचांच्या संमतीने अपील मागेही घेता येते. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर, भारतीय नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत, ५८ धावांत पाच गडी गमावून इंग्लंडचा संघ हवालदिल झालेला असताना पंच हनुमंतराव यांनी बॉब टेलरला यष्टिरक्षकाकरवी झेलबाद दिले. परंतु पहिल्या स्लिपमध्ये उभे असलेले कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांची, चेंडूचा बॅटला स्पर्श झालेला नाही, अशी खात्री होती, म्हणून त्यांनी पंचांना विनंती करून टेलरला परत बोलावले. अशा घडीला स्वतःच्या लाभाचा निर्णय फिरवून घेण्यास जे मनोधैर्य लागते, ते शतक ठोकण्याच्या कर्तबगारीहून मी तसूभरही कमी मानत नाही. टेलर आणि शतकवीर बोथम यांनी सहाव्या गड्यासाठी १७१ धावांची भागी रचली, आणि इंग्लंडने तो सामना दहा गडी राखून जिंकला.